जबाबदारी आमची, तिजोरी कोणाची?

२०२० च्या सप्टेंबरमध्ये शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर राज्यभर घरोघर पथकं फिरली. एक आरोग्य कर्मचारी, दोन स्वयंसेवक आणि दिवसाला पन्नास घरं. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरात कोणाला साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का ते विचारायचं आणि नोंद करायची. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतल्या वस्त्यांमध्ये बायांचे गट बांधण्याचं काम मी करते, त्यामुळे या पथकांबरोबर माझीही बरीच पायपीट झाली. दार उघडणारी बाई, आणि दाराबाहेर थर्मामीटर घेऊन उभी असलेलीही बहुतेक वेळा बाईच. पुरुष कामावर गेलेला असे, नाहीतर आतूनच “कोन हाय वं?” म्हणून विचारी. कुटुंब माझं आणि जबाबदारीही माझी, इथपर्यंत समजलं. शहर कोणाचं, आणि शहराच्या आरोग्याची तिजोरी कोणाची, याबद्दल मात्र घोषवाक्यात काही नव्हतं.

मैत्रिणींनो, हा लेख त्या तिजोरीबद्दल आहे. आपल्या बैठकांत मारहाण, पोटगी, रेशन, दारू या विषयांवर रात्र होईपर्यंत बोलणं चालतं. महापालिकेच्या आरोग्य विभागाचं अंदाजपत्रक कोणी पिशवीतून काढलं की सगळ्यांना घरची आठवण येते. मलाही आकड्यांचं फार प्रेम नाही. पण साथ येते तेव्हा बायांच्या अंगावर काय काय पडतं, हे आधीच त्या आकड्यांमध्ये ठरून गेलेलं असतं, असं माझं गेल्या काही वर्षांच्या कामातून बनलेलं मत आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेकडे जरा आपल्या बाजूने पाहू. देशाला ही लाट एप्रिल-मे २०२१ ची म्हणून आठवते. वऱ्हाडात ती फेब्रुवारीतच दाराशी आली होती. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद झालं. अकोला, अकोट, मूर्तिजापूरलाही त्याच सुमारास निर्बंध आले. अमरावतीतला बंद पुढे ८ मार्चपर्यंत वाढला, तेव्हा त्या वर्षीचा महिला दिन आम्ही फोनवरूनच केला. बाकी महाराष्ट्र आमच्याकडे नवलाने पाहत होता. घरकामगार बायांना घरमालकिणींनी एका दिवसात ‘येऊ नको’ म्हणून सांगितलं. कोणाला अर्धा पगार मिळाला, कोणाला तोही नाही.

आता पैशाच्या तारखा पाहा. केंद्राचं पहिलं आपत्कालीन पॅकेज एप्रिल २०२० चं, १५,००० कोटींचं. दुसरं, २३,१२३ कोटींचं, मंत्रिमंडळाने मंजूर केलं जुलै २०२१ मध्ये. म्हणजे आमच्याकडे लाट चढली फेब्रुवारीत आणि पैशाचा निर्णय झाला तो देशातलीही लाट ओसरल्यावर. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, राज्याने जिल्हा नियोजनाच्या निधीतले ३० टक्के कोरोनासाठी वापरायची मुभा दिली. त्याचा उपयोग झाला, हे नाकारून चालणार नाही. पण मुभा म्हणजे दुसऱ्या कामाचा पैसा इकडे वळवणं. साथीसाठी म्हणून शहराने स्वतःच्या खिशात आधीपासून काही ठेवलेलं असावं, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

या पैशातून खाटा आल्या, ऑक्सिजनच्या टाक्या आल्या, मुलांचे कक्ष झाले, औषधं आली. ज्यांनी त्या एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी रात्र काढली त्यांना मी यंत्रांविरुद्ध काही सांगायला जाणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. साथ रुग्णालयात पोचण्याआधी गल्लीत असते. गल्लीत ती पहिल्यांदा दिसते कोणाला? रोज दहा घरांत जाणाऱ्या आशा ताईला, अंगणवाडी सेविकेला, पापड लाटायला जमणाऱ्या बायांना. अमक्याच्या घरी तिघं तापाने पडलीत, ही बातमी त्यांच्याकडे पहिली येते. ती लिहून घेणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणं, दवाखान्यात कळवणं हे रोगनियंत्रणाचं पहिलं काम, आणि नेमक्या याच कामाला पैसा शेवटी येतो.

आशांचाच हिशेब घ्या. कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून त्यांना महिन्याला १,००० रुपये होते, म्हणजे दिवसाला तेहेतीस. त्यात स्वतःचा मास्क, सॅनिटायझर, कित्येकदा फोनचा रिचार्जही स्वतःचा. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. १५ तारखेला सुरू झालेला संप २३ ला मिटला तेव्हा मानधनात १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता कबूल झाला. ५०० म्हणजे दिवसाला सोळा रुपये. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले. दरमहा ५,००० रुपयांची खरी वाढ मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडावं लागलं, आणि त्याआधी त्यांना पुन्हा संप करावा लागला, थंडीत मुंबईला जाऊन बसावं लागलं. ही वाढ आशांनी लढून मिळवली. साथीतून शहाणं होऊन कोणी ती दिलेली नाही.

शहरात गोष्ट आणखी अवघड होते. खेड्यात निदान उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषद अशी एक उतरंड आहे आणि आशाही २००५ नंतर आल्या. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं २०१३ मध्ये. त्याच्या नियमाप्रमाणे एका आशाकडे २०० ते ५०० घरं असावीत. पण साथ आटोक्यात ठेवणं हे मुळात महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात ते तसं लिहिलेलं आहे. अभियानाचा पैसा केंद्र-राज्याचा. महापालिकेने स्वतःचं काय घातलं, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न घेऊन एकदा मी एका महापालिकेच्या लेखा शाखेत गेले होते. कोणत्या ते सांगत नाही, कारण उत्तर दुसरीकडेही फार वेगळं मिळालं नसतं. अंदाजपत्रकाचं पुस्तक समोर ठेवून आम्ही दोघं बसलो. फवारणीची औषधं होती, धुराच्या यंत्राचं इंधन होतं, फिनेल आणि चुन्याची पावडर होती. मी विचारलं, घरोघरच्या सर्वेक्षणाचं लेखाशीर्ष कोणतं? ते गृहस्थ सज्जन होते, त्यांनी दोनदा पानं उलटली आणि म्हणाले, “मॅडम, सर्वेक्षणाला खर्च कसला? ते तर आशा करतात. त्यांना मिशनचा मोबदला आहे.” शेजारच्या टेबलावरून कोणीतरी पुस्ती जोडली, “आणि बचत गटाच्या बाया असतातच की.” बाया असतातच, हे खरंच आहे. हवा, पाणी असतं तशा.

याला मी अंदाजपत्रकातलं गृहीत धरणं म्हणते. आपण घरात जे पिढ्यान् पिढ्या पाहिलं तेच इथे कागदावर आहे. कोरोनात घरीच विलगीकरण झालं. प्रत्येक घरी राहिलेल्या रुग्णामागे खात्याची एक खाट वाचली. पण रुग्णाची शुश्रूषा कोणीतरी केलीच ना? वेगळी भांडी, वेगळा चादरींचा धुणं-सुकवणं, दोन तासांनी ताप मोजणं, वाफ, काढा, आणि या सगळ्यात तिची धुण्याभांड्याची कामं सुटलेली. ती मजुरी कोणत्याच हिशेबात उतरली नाही. तिच्या बुडालेल्या रोजावर खात्याची बचत उभी राहिली.

कोरोना हे सारखं सारखं येणारं संकट नाही म्हणून ते बाजूला ठेवू. डेंग्यू तर दर पावसाळ्यानंतर ठरलेला आहे, आणि अकोल्यात त्याची गाठ थेट पाण्याशी आहे. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, पण नळाला ते काही दिवसांआड येतं आणि धरणातला साठा खाली गेला की अंतर वाढतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा असल्याने बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी तोंडात धरवत नाही. मग घरात ड्रम, टाक्या, हंडे, कळश्या, जे मिळेल त्यात पाणी भरून ठेवणं आलं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात, म्हणून कडा घासूनही काढाव्या लागतात.

हे सगळं शास्त्र बरोबर आहे. मी स्वतः ते वस्त्यांमध्ये सांगत असते. एका बैठकीत एक मावशी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, “ताई, पानी आठ दिसानं येते अन् तुमी सांगता ड्रम सुकवा. मंग लेकरायले प्याले काय देऊ? आमी ड्रम पालथा घालतो, तुमी नळ रोज सोडा.” सगळ्या हसल्या. मला मात्र त्यात आरोग्य विभागाचं पूर्ण अंदाजपत्रक दिसलं. पाणी देणारी महापालिका आणि पाणी साठवलं म्हणून नोटीस देणारीही महापालिकाच. दोघांचे विभाग वेगळे, लेखाशीर्षं वेगळी, आणि दोन्हींच्या मधली फट बाईने ड्रम घासून बुजवायची. अमरावतीत तर आणखी गंमत. तिथे अप्पर वर्धाचं पाणी शहराला देतं जीवन प्राधिकरण आणि साथ आली की धावायचं महापालिकेने. एकाच्या वेळापत्रकाचा भुर्दंड दुसऱ्याच्या खात्याला आणि शेवटी घरातल्या बाईला.

ड्रमांना घट्ट झाकणं किंवा जाळ्या हव्यात, मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडायला हवेत, ज्या पाण्यात मासे टिकत नाहीत तिथे अबेटचे थेंब वेळेवर पडायला हवेत, आणि हे दर आठवड्याला पाहायला माणूस हवा. धुराचं यंत्र गल्लीतून गेलं की लोकांना बरं वाटतं, नगरसेवकालाही बरं वाटतं, फोटो चांगला येतो. त्या धुराने उडणारे काही डास मरतात. ड्रममधल्या अळ्यांना त्याची खबरही नसते. तरी पैसा धुरावर पटकन खर्च होतो, कारण धुराचं बिल निघतं. ड्रममध्ये टॉर्च मारून पाहणाऱ्या बाईच्या तासांचं बिल कोणाच्या नावाने काढायचं ते ठरलेलं नाही.

दूरचं उदाहरण हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्याने साथ आली, माणसं दगावली. वीजबिल थकल्याने नळयोजनेची वीज तोडली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. तिथे मग डॉक्टरांची पथकं, गाड्या, अधिकारी, मंत्र्यांचे फोन सगळं पोचलं. या सगळ्यापेक्षा ते बिल स्वस्त पडलं असतं.

कायद्याकडेही एकदा पाहिलं पाहिजे. साथ आली की सरकार काढतं तो साथरोग कायदा १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगातला. मार्च २०२० मध्येही तोच निघाला. त्यात अधिकार आहेत. तपासण्याचे, अडवण्याचे, वेगळं ठेवण्याचे, शिक्षा करण्याचे. साथीसाठी शहराने अमुक इतका पैसा ठेवलाच पाहिजे, असं त्यात नाही. हा कायदा झाला ४ फेब्रुवारी १८९७ ला, आणि १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. आपण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्या त्या सेवेचं कौतुक करताना, बाईने साथीत असंच झोकून द्यायचं असतं हा धडा पुढच्या पिढीला जाऊ नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे.

‘पण महापालिकेकडे पैसाच नाही’, हे उत्तर ठरलेलं. त्यात तथ्य आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता राज्याकडून दरमहा येणारं अनुदान आणि मालमत्ता कर यांवर गाडा चालतो, त्यातलं बरंच पगार आणि निवृत्तिवेतनात जातं. श्रीमंत मुंबईची मागणी अकोल्याकडे करू नये, हे मला मान्य आहे. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी वेगळे काढले, त्याचं मला महत्त्व वाटतं. निदान आरोग्याचा पैसा शहराच्या नावाने यावा हे तत्त्व तरी मान्य झालं. त्यातून दवाखाने उभे राहतात. पण तिजोरी लहान आहे म्हणून ती कशी वाटायची यावर बोलायचंच नाही, हे मला पटत नाही. आपल्या घरातही पैसा कमीच असतो. तेव्हा कोणाच्या ताटातली पोळी कमी होते ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

आणि अगदी लहान रकमेतूनही काय होतं ते मी पाहिलं आहे. नागरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समित्या आहेत. ५० ते १०० घरांमागे एक समिती, ८ ते १२ बाया, आणि वर्षाला ५,००० रुपये मुक्त निधी. शंभर घरं धरली तर घरामागे वर्षाला पन्नास रुपये, दिवसाला चौदा पैसेही नाहीत. एका वस्तीतल्या समितीने एका वर्षी त्यातून दोन टॉर्च आणि जाळीचं कापड घेतलं, गल्लीतल्या ड्रमांना नाडीची झाकणं शिवली. शिवणारी समितीतलीच, तिला शिलाईही दिली. दर रविवारी दोघी दोघी फिरून ड्रम पाहायच्या. पुढच्या वर्षी त्यांचा निधी आला तो पावसाळा उलटल्यावर, आणि सोबत निरोप, की मार्चअखेर खर्च दाखवा. तेव्हा सतरंज्या घेतल्या गेल्या. मग वरून शेरा आला, ‘समित्या निधीचा योग्य वापर करत नाहीत.’

आपल्या काही जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणींना माझं हे बोलणं आवडत नाही, हे मला माहीत आहे. त्या म्हणतात, आपण रस्त्यावरच्या बाया, अंदाजपत्रकाच्या बेरजा करत बसलो तर शासनाच्या फुकट हिशेबनीस होऊ. शिवाय समित्यांमध्ये बसून आपण आणखी एक बिनपगारी काम अंगावर घेणार. दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणून माझी पहिली मागणी मजुरीची आहे. साथीच्या काळात जी बाई सर्वेक्षणाला जाईल, मग ती आशा असो, बचत गटाची असो की समितीची, तिला किमान वेतनाच्या दराने रोज मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं. त्यात वर्षाच्या सुरुवातीलाच रक्कम पडलेली हवी, आणि ती खर्च करण्याचा अधिकार मुख्यालयाच्या सहीची वाट न पाहता नागरी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला हवा. समित्यांचा निधी मे संपायच्या आत खात्यात यावा. मास्क, हातमोजे, टॉर्च, छत्री हा सामानाचा खर्च त्या बाईच्या घरातून होऊ नये. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता, आशांनाही तो होता. स्वयंसेवक म्हणून नेलेली बाई आजारी पडली तर तिचं काय, हेही आधी लिहून ठेवलेलं हवं.

हिशेबनीस होण्याबद्दल एवढंच म्हणेन, की हिशेब आपण पाहिला नाही तरी तो होतोच. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिले. त्या काळात अंदाजपत्रकं मंजूर होत राहिली, पण त्यावर भांडायला सभागृहात एकही बाई नव्हती, ना आपली ना परकी. निम्म्या जागा बायांना राखीव असण्याचा उपयोगही तेव्हाच, जेव्हा निवडून गेलेल्या बाईच्या हातात आपण नेमका प्रश्न देऊ. ‘डेंग्यूसाठी काय केलं?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘फवारणी केली.’ ‘घरोघर पाहणीवर किती खर्च केला, आणि तो कोणाला दिला?’ असं विचारलं की पुस्तक उघडावं लागतं.

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होऊ लागतं, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच कामाला लागायला हवं. ज्या गटांना सुरुवात करायची आहे त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: मागच्या तीन वर्षांत आरोग्य विभागाची साथरोगांसाठीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, त्यातला मजुरीचा भाग, आणि आपल्या प्रभागातल्या महिला आरोग्य समित्यांची यादी, त्यांच्या खात्यांत पैसे पडल्याच्या तारखांसह. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत, म्हणून अर्ज तिच्याच नावाने करावा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पोच घ्यायला मात्र विसरू नका, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का नीट उमटला आहे ना ते खिडकीतून हलण्याआधी पाहा.